मेहुण्याच्या दारातली हवा

२ जानेवारी, रात्री

आजपासून रोजनिशी. घडलं तसं लिहून ठेवलं नाही तर सूड अर्धवट राहतो. माणूस झोपतो, सकाळी चहा पितो, राग निवळतो. माझा निवळू द्यायचा नाही.

घटना: सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस. बेकरीच्या मागच्या हॉलमध्ये सगळं खानदान. मेहुण्याच्या कुणा मित्राने विचारलं, आपण काय करता. मी सांगणार होतो, वरिष्ठ क्षेत्र अधिकारी, हवा कक्ष, नगरपालिका. एवढं लांब म्हणायचं म्हणून श्वास घेतला, तोच मेहुणा मधे बोलला. म्हणे, आमचे भाऊजी हवा मोजतात. सकाळी मोजतात, संध्याकाळी परत मोजतात, मधे कुणी थोडी नेली तर नाही ना म्हणून.

सगळे हसले. हीसुद्धा हसली. हसता हसता हिला खोकल्याची उबळ आली, पाठ चोळावी लागली, दम्याचा पंप शोधावा लागला. पण आधी हसली, हे मी विसरणार नाही.

मग मेहुणा चमच्याने ग्लास वाजवून काहीतरी घोषणा करायला उभा राहिला. मी निघालो. अपमान झालेल्या माणसाने घोषणा ऐकत बसायचं नसतं.

घरी येऊन फॅमिली ग्रुप सोडला. कारण दिलं नाही. आता येतील फोनवर फोन. चार्जिंगला लावून ठेवला आहे.

३ जानेवारी

एकही फोन नाही. घाबरले असणार.

ऑफिसात शांत डोक्याने विचार केला. मेहुण्याचा जीव भट्टीत आहे. लाकडाची भट्टी, सासऱ्यांच्या वेळची. पालिकेच्या कृती आराखड्यात स्पष्ट म्हटलं आहे की लाकडाच्या भट्ट्या विजेवर न्याव्यात, नाहीतर बंद कराव्यात. आराखडा मीच टाइप करून घेतलेला. आजवर एकही बंद केली नाही, कारण आम्ही कुणाच्या पोटावर पाय देत नाही. आता एकाच्या द्यायला हरकत नसावी.

अडचण पुराव्याची. पालिकेचं कायमचं हवामापन यंत्र आहे बागेत. कारंज्याशेजारी, मोठ्या झाडाखाली. तिथे वर्षभर हवा उत्तम. वरचे साहेब पाहणीला येणार असले की आदल्या दिवशी पाण्याचा टँकर भोवती फवारा मारून जातो, मग अत्युत्तम. ती जागा मीच सुचवली होती आणि तेव्हा माझं कौतुक झालं होतं. पण त्या यंत्राचं नाक बेकरीपर्यंत पोहोचत नाही.

फिरती गाडी काढावी लागणार. गाडीत सगळी यंत्रं असतात, टपावर हवा ओढणारी नळी असते. जिथे उभी करू तिथली हवा कागदावर येते.

४ जानेवारी

गाडी काढायला नागरिकाची तक्रार लागते. बेकरीविरुद्ध तक्रारी: शून्य.

संध्याकाळी गल्लीत सहज फिरून आलो. इस्त्रीवाल्याला विचारलं, धुराचा त्रास होतो का. म्हणाला, छे, पहाटे पावाचा वास आला की आम्ही उठतो, घड्याळ लावावं लागत नाही. चष्मेवाला म्हणाला, फार चांगली माणसं आहेत हो. लोकांना स्वतःचं भलं कळत नाही, म्हणून तर पालिका असते.

५ जानेवारी

तक्रार आली. 'एक जागरूक नागरिक' अशी सही. अक्षर थोडं वेडंवाकडं, डाव्या हाताने काढल्यासारखं. आवक टेबलाने शिक्का मारून हवा कक्षाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवली. वाचली आणि हादरलो. इतकी पोटतिडीक हल्ली बघायला मिळत नाही. शेरा मारला: 'अत्यंत गंभीर. तातडीने मोजणी व्हावी.' मॅडमनी सही केली. मॅडम म्हणजे आमच्या कक्षाच्या प्रमुख, माझ्याहून वयाने बऱ्याच लहान आणि दोन खुर्च्या वर. त्यांचा हिशोब वेगळा आहे, तो सावकाश.

तक्रारीतला मुद्दा खरा आहे, हे मुद्दाम नोंदवतो. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून ही रोज पहाटे बेकरीच्या काउंटरवर बसते. तेव्हापासून खोकला, दम, पंप. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहा म्हणून सांगितलंय, असं ही मागे म्हणत होती. मी पेपर वाचत होतो, पण ऐकलं होतं. म्हणजे भट्टी गेली की खोकला गेला. नवरा म्हणून कर्तव्य आणि अधिकारी म्हणून कर्तव्य एकाच दगडात. मेहुणा मधे आला हा त्याचा दोष.

७ जानेवारी

ही दोन रात्री अजिबात खोकली नाही. हवामान बदललं असेल. खरं सांगायचं तर जरा निराशा झाली. पुराव्याने असं ऐन वेळी बरं व्हायचं नसतं.

रात्री जेवताना ही म्हणाली, काल बेकरीत छोटा कार्यक्रम होता, सगळे होते, तुम्हीच नव्हता. मी म्हटलं, मला आमंत्रण नव्हतं. म्हणाली, ग्रुपवर होतं. मी पोळी मोडली. ही म्हणाली, अहो, कसला कार्यक्रम ते तरी ऐका. मी हात वर केला. म्हटलं, प्रकरण चौकशीत आहे, संबंधितांशी चर्चा करता येत नाही. ही म्हणाली, मी बायको आहे. मी म्हटलं, बायको म्हणजे सर्वात जास्त संबंधित.

हिने भांडी उचलली. शिस्त पाळली की घरातही वचक राहतो.

८ जानेवारी, दुपारी

गाडी लागली. बरोब्बर बेकरीच्या दारात. सोबत ड्रायव्हर, जो गाडी चालवण्याच्या वेळेपुरता जागा असतो.

गाडीतल्या यंत्रांना वीज लागते. रीत अशी की शेजारच्या दुकानातून वायर मागून घ्यायची. पिठाचे हात पुसत मेहुणा स्वतःच बाहेर आला. म्हणाला, या भाऊजी, इकडे कुठे आज, वायर देतो की आमच्याकडून, आणि आत येऊन चहा घ्या, एक गंमत दाखवायची आहे तुम्हाला. मी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. म्हटलं, आपल्याकडून पालिकेला काहीही नको. ज्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा त्याच्याच विजेवर करायचा, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. आणि गंमत तर मी दाखवणार आहे, पण हे मनात म्हटलं.

भांडारातून जनरेटर मागवला. डिझेलचा, जुना, पण दणकट. रस्त्याच्या बाजूला ठेवला तर वाहतुकीला अडथळा, म्हणून नियमाप्रमाणे फुटपाथवर, गाडीच्या मागच्या अंगाला, काउंटरच्या खिडकीलगत ठेवला. सुरू होताना खिडकीची काच थरथरली. आत मेहुणाही थरथरला असेल.

९ जानेवारी

आकडे! पहिल्याच दिवशी लाल. लालच्याही पलीकडचा तो जांभळट रंग, जो मी नोकरीत फक्त तक्त्याच्या नमुन्यात पाहिला होता. बागेतल्या यंत्राने बावीस वर्षांत कधी हिरवा सोडला नाही. डोळे भरून आले. ड्रायव्हरचेही आले. तो म्हणाला, साहेब, डिझेलचा वास मारतोय नुसता. मी म्हटलं, भट्टीत काय वाटेल ते जाळत असणार, बदमाश आहे एक नंबरचा.

एक गोष्ट टिपून ठेवतो. धुरांड्यातून धूर दिसत नाही. सकाळपासून मान दुखेपर्यंत पाहिलं. म्हणजे धूर लपवून सोडतो. दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा जास्त घातक, हे आमच्याच माहितीपत्रकात आहे.

११ जानेवारी

हिचा खोकला परत सुरू. काल रात्री तीनदा उठून बसली. मी तारीख घालून लिहून ठेवलं. आकडे आणि खोकला एकाच रेषेत चढतात, असा आलेख काढला तर सुनावणीत उठून दिसेल.

हिला म्हटलं, बघ, तुझ्या भावाची भट्टी. ही म्हणाली, भट्टी नाही हो. मी म्हटलं, मग काय. हिला बोलायला जाऊन अशी उबळ आली की विषय तिथेच राहिला. बरंच झालं. साक्षीदाराने सुनावणीच्या आधी जबाब फोडायचा नसतो.

१३ जानेवारी

बेकरीची साप्ताहिक सुट्टी. शटर बंद, आत चिटपाखरू नाही. आकडे तरीही जांभळे.

ड्रायव्हर म्हणाला, साहेब, बेकरी तर बंद आहे. मलाही क्षणभर कोडं पडलं. मग जनरेटरच्या घरघरीत उभं राहून शांतपणे विचार केला आणि उकललं. इतकी वर्षं भिंतींत मुरलेला धूर सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतो. याला मी 'शिळा धूर' असं नाव दिलं आहे. शास्त्रात अजून नोंद नसावी. यावर पेपर लिहायचा. मेहुणा एका वाढदिवसाच्या विनोदापायी शास्त्रात जाणार, त्याच्या सात पिढ्यांत कुणी गेलं नसेल.

१५ जानेवारी

नोटीस तयार. 'सात दिवसांत भट्टी कायमची बंद का करण्यात येऊ नये.' हे 'का करण्यात येऊ नये' लिहिताना जे समाधान मिळतं ते पगारात मिळत नाही.

मॅडमनी आकडे पाहिले आणि भुवया वर गेल्या. म्हणाल्या, इतके? गाडी कशी लावली होती, वारा कुठून होता, पाहिलंत ना. मी म्हटलं, मॅडम, मी ह्या खात्यात आलो तेव्हा तुम्ही शाळेत होतात. त्यांनी कागद पुढे ओढला. फेब्रुवारीत आढावा बैठक आहे, त्यात कारवाई दाखवायची आहे, आणि आमच्याकडे कारवाईच्या रकान्यात फक्त फवारे आहेत. सही झाली. म्हणाल्या, सुनावणीला मात्र मी स्वतः बसणार. बसा की. गर्दी असली की सूड जास्त रंगतो.

१६ जानेवारी

नोटीस शिपायाच्या हाती पाठवता आली असती. मी स्वतः गेलो.

काउंटरवर ही आणि सासूबाई. हिने नाकाला ओढणी गुंडाळलेली, डोळे लाल. मागून माझा जनरेटर धडधडत होता, त्यामुळे मला नोटीस ओरडून वाचावी लागली. गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली, हे अनपेक्षित पण छान झालं. मेहुण्याने पूर्ण ऐकून घेतली. म्हणाला, भाऊजी, ह्यात काहीतरी चुकतंय, आत या, दाखवतो. मी म्हटलं, जे दाखवायचं ते सुनावणीत. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, आपलेच दात आणि आपलेच ओठ, बसा जरा. स्टूल पुढे केलं. मी उभा राहिलो.

तो घाबरला होता का, ते नीट कळलं नाही. चेहऱ्यावर पीठ होतं.

१७ जानेवारी

ही सकाळी एकच वाक्य बोलली. नोटीस मागे घ्या आणि ते मशीन बंद करा. वाक्य एकच, पण मधे दोनदा श्वास घ्यायला थांबली.

मी म्हटलं, कायदा बायकोच्या माहेराला वेगळा नसतो. हे मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, नीट आलं. ही म्हणाली, बरं. स्वेटर, पंप आणि दोन साड्या पिशवीत घातल्या आणि भावाकडे गेली. बेकरीच्या वरच्याच मजल्यावर राहतात ते. शत्रूच्या गोटात गेली. पत्ता तरी माहीत आहे.

१८ जानेवारी

घर अगदी शांत. रात्री खोकल्याचा आवाज नाही. आता झोप अशी लागेल.

पहाटे साडेतीन. लागली नाही. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ ठिबकतो. उद्या त्याला नोटीस.

१९ जानेवारी

वरणाला फोडणी दिली. स्वयंपाकघरात इतका धूर झाला की खिडकी उघडून बाहेर डोकं काढावं लागलं. धुराने काय होतं ते स्वतः अनुभवलं. मेहुण्यावरचा राग दुप्पट झाला.

सुनावणी जवळ आली. पुरावा दिवसाचाच का, रात्रीचाही हवा. ड्रायव्हरला सांगितलं, आजपासून जनरेटर चोवीस तास. तो म्हणाला, साहेब, वर वहिनी झोपलेल्या असतात, खिडकी बरोब्बर वरच आहे. मी म्हटलं, म्हणून काय सरकारी काम थांबवायचं?

२० जानेवारी, संध्याकाळी

मेहुणा चक्क घरी आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, भाऊजी, तुमचं माझं काय असेल ते असू दे, मी चुकलो असेन तर पाया पडतो, पण रात्रीचं तेवढं मशीन बंद करा, ताईला झोप नाही, बसून रात्र काढते आहे.

पाया पडतो म्हणाला! ज्या माणसाने हॉलभर लोकांसमोर माझं हसं केलं, तो माझ्या उंबऱ्यावर. ह्या क्षणासाठीच तर सगळं केलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात ते उगीच नाही. मी म्हटलं, पुरावा चोवीस तासांचा लागतो. दार लावलं. हलकेच लावलं, मला आदळाआपट आवडत नाही.

नंतर जेवण गेलं नाही. आनंदाने कधी कधी भूक मरते.

२१ जानेवारी

सकाळी ड्रायव्हरचा फोन. वहिनींना पहाटे दवाखान्यात नेलं, मेहुण्याने डिलिव्हरीच्या टेम्पोतून नेलं.

गेलो. नाकातोंडावर मास्क, ऑक्सिजन. हात थंड होता. मी धरला, हिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हल्ली एवढ्यात धुराशी संबंध आला का. मी म्हटलं, आला तर, रोज येतो, आणि खिशातून आकड्यांची प्रत काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, बघा, हिच्या भावाच्या बेकरीसमोरचे आहेत, मी स्वतः मोजलेत. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, एवढ्यात कुणी दोन तास बसलं तरी आजारी पडेल, हे बंद का नाही केलं अजून. मी म्हटलं, उद्या करतोय, उद्या सुनावणी आहे. लाकडाची भट्टी आहे ना, असं त्यांनी लिहून घेतलं. मी हो म्हटलं. ही मास्कच्या आतून मान हलवत होती, नाही, नाही अशी. ऑक्सिजनने माणूस गोंधळतो थोडा.

बाहेर बाकावर मेहुणा बसला होता. आमची नजरानजर झाली. मी मनात म्हटलं, हिची ही अवस्था केलीस, आता बघच. त्याच्याही मनात काहीतरी चाललं असावं.

उद्या सोडणार नाही. आधी अपमानासाठी होतं, आता हिच्यासाठी. आता मला कुणी अडवू शकत नाही.

२२ जानेवारी

सुनावणी झाली.

मी आधी बोललो, उत्तम बोललो. आलेख दाखवला. आकडे, खोकला, आकडे, खोकला. माझी पत्नी ह्या क्षणी दवाखान्यात आहे, असं म्हणताना आवाज खरोखर दाटला. समितीतल्या साहेबांनी मेहुण्याकडे असं पाहिलं की त्याची बेकरी तिथेच बंद झाली असं मला वाटलं. वाटलं, एवढं मला आठवतंय.

मग मेहुणा उठला. म्हणाला, साहेब, आमच्याकडे भट्टीच नाही.

सहा जानेवारीला विजेची भट्टी सुरू केली. जुनी पाडली, धुरांडं विटांनी बुजवलं. पालिकेच्याच परवाना विभागाने येऊन पाहिलं, तसा दाखला दिला. परवाना विभाग म्हणजे आमच्या वरचा मजला. त्यांचा चहा आणि आमचा चहा एकाच किटलीतून येतो. मॅडम पुटपुटल्या, काखेत कळसा. पुढचं बोलल्या नाहीत.

साहेबांनी विचारलं, चांगली चालती भट्टी का पाडली. मेहुणा म्हणाला, ताईसाठी. डॉक्टर म्हणाले धूर बंद करा, म्हणून केला. आईच्या वाढदिवसालाच सगळ्यांना सांगणार होतो. लगेच फरक पडला होता तिला, दोन रात्री शांत झोपली होती. मग ही गाडी आली.

मी म्हटलं, शिळा धूर. कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, गाडीला वीज कुठून घेतली होती. मी म्हटलं, स्वतंत्र व्यवस्था, डिझेल जनरेटर, पक्षकाराचा उपकार घेतला नाही. कुठे ठेवला होता. फुटपाथवर, नियमाप्रमाणे, गाडीच्या मागे. आणि हवा ओढायची नळी टपावर कुठे असते. मागे, म्हटलं. बोलता बोलताच मला ते सगळं एकदम डोळ्यांसमोर दिसलं. नळी, खाली जनरेटर, त्याचं काळं तोंड, आणि पलीकडे काउंटरची खिडकी. खिडकीत ओढणी गुंडाळलेली ही.

साहेबांनी मेहुण्याला विचारलं, अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का. मी सरळ उभा राहिलो. ये, म्हटलं मनात, कर वार. मेहुणा म्हणाला, नाही, घरचेच आहेत. फक्त ते मशीन आजच्या आज हलवा, ताई उद्या घरी येते आहे.

घरचेच आहेत. सरळ जोड्याने मारलं असतं तर परवडलं असतं. ह्याचा सूड घ्यावाच लागेल. कसा, ते सुचत नाही.

२३ जानेवारी

दोष कुणाचा, हे थंड डोक्याने ठरवलं. भांडारातल्या माणसाने जुना जनरेटर दिला. ड्रायव्हरने डिझेलचा वास येतो असं सांगितलं, पण ठामपणे सांगितलं नाही. परवाना विभागाने किटली दिली, दाखला दिला नाही. नियमाने फुटपाथ सांगितला. मॅडमनी वारा विचारला, पण जनरेटर विचारला नाही. ह्या सगळ्यांना एकेक करून बघून घेणार आहे.

दवाखान्यातून ही थेट भावाकडे गेली. मी रिक्षा घेऊन दाराशी थांबलो होतो. ही म्हणाली, तुम्ही जा, ऑफिसला उशीर होईल. रविवार होता.

२४ जानेवारी

मॅडमचा आदेश. त्याच जागी आठवडाभर परत मोजणी, जनरेटरशिवाय, दुकानातून वायर घेऊन. वायर मीच मागायची.

गेलो. काउंटरसमोर उभा राहिलो. पाठीमागे गिऱ्हाइकं. मेहुण्याला म्हटलं, एक वायर मिळेल का. मी तयार होतो. रात्री बसून त्याचे पाच-सहा संभाव्य विनोद लिहून काढले होते, प्रत्येकाला उत्तरही. त्याने नुसती वायर काढून दिली. वर म्हणाला, सैल ठेवा, शटरखाली अडकते.

एकही विनोद नाही. एक तरी मारायला हवा होता. माणूस इतका कोत्या मनाचा असेल असं वाटलं नव्हतं.

२७ जानेवारी

वर खिडकीत ही दिसली. मी हात वर केला, घरी मी चर्चा थांबवायला करतो तसा झाला बहुतेक. हिने खिडकी लावून घेतली. थंडी होती म्हणा.

ठराव: यापुढे हिचं वाक्य पुरं होईपर्यंत मधे बोलायचं नाही. ही घरी आली की लगेच सुरू.

ड्रायव्हर आत बसून गरम पाव खात होता. मला विचारलं नाही.

१ फेब्रुवारी

आठवड्याचे आकडे आले. सगळे हिरवे. बागेपेक्षा चांगले.

अहवालाचा मसुदा मॅडमनी लिहिला. 'प्रदूषणाचा स्रोत जागेवरून हटवल्यानंतर हवेत लक्षणीय सुधारणा.' स्रोत कोणता ते लिहिलेलं नाही, पण खाली सही माझी लागते. आढावा बैठकीत हाच आमचा यशस्वी प्रयोग म्हणून दाखवणार आहेत. सही केली. पहिल्यांदा पेन चाललं नाही, दुसऱ्याने केली.

संध्याकाळी बेकरीत फोन लावला. सासूबाईंनी उचलला. म्हटलं, कशी आहे. म्हणाल्या, बरी आहे, झोपली आहे, आज उशांना टेकून नाही, आडवी. म्हटलं, घरी कधी येते म्हणाली का. म्हणाल्या, तिलाच विचारा जावईबापू, उठवू का.

नको म्हटलं. त्या फोन तसाच ठेवून काउंटरवर गेल्या असाव्यात, माणसांचा आवाज येत होता. मीही लगेच ठेवला नाही. आतून खोकल्याचा आवाज येतो का, ऐकत होतो. आला नाही.